चार लोकांनी सांगितलेला पिक्चर

एका गावात येसबा नावाचा एक भोळा गडी होता. किती भोळा? "दाराकडे लक्ष ठेव" म्हणून सांगितलं, तर चोर खिडकीतून येऊन गेला तरी हा दाराकडेच बघत बसे. वर चोराला म्हणे, "बाजूला हो, दार दिसंना."

त्याचं लग्न काही जमत नव्हतं. पाच घरचे पोहे खाऊन झाले. सहाव्या घरी, शेजारच्या गावच्या रंगरावांची मंजुळा हो म्हणाली. का म्हणाली ते तिचं तिला माहीत. रंगराव मात्र येसबाच्या आईला, गोदाक्कांना, म्हणाले, "तुमचा पोरगा भोळा हाय, ते दिसतंय. भोळा चालंल, येडा चालायचा न्हाई. मांडव उतरंपर्यंत त्यानं तीन गोंधळ घातले, तर पोरगी माघारी नेणार."

गोदाक्का तडक घरी आल्या. त्यांनी येसबाला समोर बसवलं. "बाबा, चार लोकांत जात जा. चार लोकं काय म्हणत्यात ते नीट ऐक आन् तसं वाग."

त्याच आठवड्यात जत्रेच्या तंबूत एक पिक्चर आला होता. दोन जुळ्या भावांचा. इतका भयंकर, की बायकांनी पोरं पदराखाली घेतली आणि पुरुषांनी बायकांचे पदर धरले. येसबा आत गेला आणि पडद्यावर नावं येत होती तेवढ्यातच झोपला. खेळ सुटल्यावर बाहेर भज्यांच्या गाड्यापाशी उभा राहिला आणि लोकांची मतं बोटांवर मोजत ऐकू लागला.

वाळकू न्हावी म्हणाला, "पहिला अर्धा भाग नुसतं चऱ्हाट. मध्यंतरानंतर जावं, खरी मजा तिथनं."

मास्तर म्हणाले, "शेवट मात्र कोणाला सांगू नये. रस जातो."

अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "डोळ्यांना दिसतं ते खरं धरायचंच नाही, हेच तर त्यात दाखवलंय."

भिकू पैलवान हातातलं भजं हातातच धरून घामाघूम उभा होता. "माझं अजून धडधडतंय. दुसरा आरशातनं येतो बघा. हुबेहूब. आन् ह्याच्या जागेवर जाऊन बसतो. आईला समदं ठावं असतं, पर ती बोलत न्हाई!"

कासाराची आत्याबाई आपलं मत द्यायला पुढे आली. येसबा म्हणाला, "नको आत्या. माझी चार झाली."

दुसऱ्या दिवशी गोदाक्कांनी त्याला रंगरावांकडे पाठवलं. निरोप सोपा होता. हळद गुरुवारी, लग्न शुक्रवारी, मुहूर्त दुपारी साडेबाराचा.

येसबा म्हणाला, "मामा, हळद गुरुवारी. लग्न शुक्रवारी."

"आन् मुहूर्त?"

"त्यो शेवट हाय. सांगितला की रस जातो."

रंगरावांनी तीनदा विचारलं. येसबा गोड हसला आणि चहा पिऊन घरी आला. शेवटी रंगराव स्वतः भर उन्हात सायकल मारत आले आणि त्यांनी गोदाक्कांचं दार वाजवलं. दार येसबानं उघडलं. त्यानं त्यांना खालून वर बघितलं. "डोळ्यांना तर मामा दिसत्यात," तो म्हणाला, "म्हंजे मामा न्हाईत." आणि दार लावून घेतलं.

गोदाक्का मागच्या दारानं धावत आल्या. रंगराव घाम पुसत, एक बोट वर करून म्हणाले, "दोन्ही मिळून एक गोंधळ धरतो. एक."

ते गेल्यावर गोदाक्कांनी कपाळ बडवलं. "असा निरोप देत्यात व्हय? शेवट आधी सांगायचा, बाकीचं मागनं!"

येसबानं ते लक्षात ठेवलं.

दोन दिवसांनी मंजुळाचे आजोबा आजारी असल्याचं कळलं. गोदाक्कांनी पिशवीत मोसंबी दिली आणि येसबाला विचारपूस करायला पाठवलं. आजोबा बाजेवर कण्हत होते. घरचे सगळे भोवती बसले होते. येसबानं मोसंबी ठेवली आणि म्हणाला, "आजोबा, शेवट आधी सांगतो. तुम्ही मरणार. बाकीचं मागनं."

रंगरावांचं दुसरं बोट वर जाऊ लागलं. आणि आजोबा हसायला लागले. इतके हसले, की छातीत आठ दिवस अडकलेला कफ सुटला. "समदे उद्या बरं वाटंल, उद्या बरं वाटंल म्हणून थापा मारत्यात," ते म्हणाले. "ह्यो एकटा खरं बोलला. रंग्या, बोट खाली घे. ह्यो गोंधळ मोजायचा न्हाई." मग उठून बसले आणि दोन मोसंबी सोलून खाल्ली.

शुक्रवार उजाडला. गोदाक्कांच्या दारात मांडव पडला. साडेबाराच्या जरा आधी भटजींनी खड्या आवाजात मंगलाष्टका सुरू केल्या. दोघांनी अंतरपाट धरला. एका बाजूला मंजुळा हार घेऊन उभी होती. दुसऱ्या बाजूला नुसता पाट होता.

नवरदेव गोठ्यात सापडला. मुंडावळ्या बांधून म्हशीच्या आड बसला होता आणि मंगलाष्टका मोजत होता. मेव्हण्यांनी त्याला दंडाला धरून ओढला, तर म्हणतो, "आताच कशाला? पहिला अर्धा भाग नुसतं चऱ्हाट असतं!"

भटजींचा सूर चिरकला. तरी शेवटच्या 'सावधान'ला नवरा जागेवर होता आणि लग्न लागलं. रंगराव म्हणाले, "दोन."

गोदाक्कांनी येसबाचा कान धरला. "आता बायकोच्या शेजारनं हलायचं न्हाई. ती जागा तुझी. तिथं दुसरं कुणी बसलं तर उठवायचं! समजलं?"

"समजलं," येसबा म्हणाला.

मग सूनमुखाची वेळ झाली. म्हणजे नवरा-नवरी शेजारी शेजारी बसतात, समोर आरसा धरतात, आणि सासू मागून वाकून सुनेचं तोंड आरशात बघते. येसबाच्या घरचा आरसा तळहाताएवढा. त्यात एका वेळी अर्धी मिशी दिसे. पण मंजुळाची धाकटी बहीण शेवंता हिनं आज माहेरचा हा एवढा मोठा आरसा आणला होता. तिनं तो समोर धरला.

येसबानं बघितलं. आत मंजुळा बसली होती. आणि तिच्या शेजारी, अगदी खेटून, मुंडावळ्या बांधलेला एक भलताच माणूस बसला होता.

"ऊठ," येसबा म्हणाला. "ती जागा माझी हाय."

त्या माणसानं ओठ हलवले. उठला नाही.

गोदाक्कांचं तिकडे लक्षच नव्हतं. पाच घरांनी नाही म्हटल्यावर आज सुनेचं तोंड बघायला मिळालं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या आरशाकडे बघून हसल्या.

"आई, त्याला बघून हसतीस?" येसबा ओरडला. "म्हंजे तुला समदं ठावं हुतं! आमी दोघं जुळे हाय, आन् तू बोलली न्हाईस!"

तो ताडकन उठला. आरशातलाही उठला. तो दाराकडे गेला, तर आरशातलाही गेला. "गेला एकदाचा!" म्हणत येसबा परत येऊन बसला. तोही येऊन बसला. असं चारदा झालं. मग येसबा विचार करत बाहेर गेला आणि ओट्यावर मांडी घालून बसला.

रंगरावांचं तिसरं बोट अर्धं वर आलं होतं. "जावईबापू, आत या."

"न्हाई मामा. मी आलो की त्यो येतो. मी हितं असलो की त्योबी येत न्हाई. जन्मभर हितं बसंन, पर तुमच्या पोरीच्या शेजारी परका माणूस बसू द्यायचा न्हाई."

रंगरावांनी अर्धं बोट तसंच धरून पोरीकडे बघितलं. मंजुळा उठली आणि तिनं बापाचं बोट हातानं खाली केलं. "आबा, राहू द्या. माझ्यापायी उन्हात बसणारा दुसरा मिळायचा न्हाई." तिनं शेवंताच्या हातातला आरसा घेतला, त्यावर आपला शेला टाकला आणि हाक मारली, "अहो, या आत. त्याला झाकलाय."

येसबा आत आला. शेल्याला हात लावून खात्री केली. मग पंगत बसली. रंगरावांनी जावयाला स्वतःच्या हातानं जिलेबी वाढली. गोदाक्कांनी आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. आता मांडव उतरायचाच काय तो उरला होता.

येसबा मात्र जेवेना. तो झाकलेल्या आरशाकडे बघत होता. त्याला वाईट वाटत होतं. मग त्यानं शेवंताकडे बघितलं, आरशाकडे बघितलं आणि रंगरावांच्या कानाशी वाकला.

"मामा, कसं बी झालं तरी माझा सख्खा भाऊ हाय. माझं लगीन झालं, आन् त्यो मुंडावळ्या बांधून तसाच राहिला. तुमची शेवंता द्या की त्याला. दिसायला माझ्यासारखाच हाय. जरा भोळा हाय, एवढंच. आपण बोललो की नुसते व्हट हलवतो."