बिनझाकणाची विजेरी

वस्तू बिघडली की उघडून बघायचा काळ सरत आला होता, तेव्हाची गोष्ट.

सिंधूकाकूंच्या फडताळात चार्जिंगची नवी विजेरी आली. शेजारच्या जुन्या विजेरीचे सेल संपले की काकू झाकण फिरवून नवे घालत. नवीला हसू येई. "सारखी मरतेस गं! माझ्याकडे बघ, कुठे झाकण नाही की फट नाही."

दोन वर्षांत नवी विझली. चार्जिंगला लावूनही पेटेना. दुकानदाराने उलटसुलट फिरवून पाहिली. "काकू, बॅटरी गेलीय, पण ही उघडायची सोयच ठेवलेली नाही. टाकून द्या."

"अहो, बाकी धड आहे की!"

"सगळ्याच धड असतात."

भंगाराच्या पोत्यात पडल्यावर ती घाबरून म्हणाली, "कुणीतरी दिवा लावा गं!"

पोतं विजेऱ्यांनीच भरलेलं होतं, तरी काळोख तसाच राहिला.