बटण्याची गोळी आणि आबांचं गवताचं मशीन

एक होता शेणकिडा. काळा कुळकुळीत. शर्टाच्या बटणाएवढा. म्हणून त्याचं नाव बटण्या.

एकदा काय झालं, गल्लीतून तांबू गाय गेली. जाता जाता काहीतरी टाकून गेली. काय टाकलं? तेच.

बटण्याने त्याची गोळी वळली. गोल गोल. मऊ मऊ. तेच त्याचं जेवण. तीच त्याची उशी. मग उलटा चालत, मागच्या पायांनी ढकलत, तो घरी निघाला.
गुडुक गुडुक. गुडुक गुडुक.

वाटेत खर्डेकर आबांची बाग. बागेला उतार. गोळी सुटली.
गुडुक गुडुक गुडुक गुडुक.
गेली गवतात. गडप.

गवत हे एवढं वाढलेलं. आत सगळा अंधार. आणि वर ऊन चढत होतं. उन्हात गोळी वाळते. वाळली की फुटते. फुटली की भुसा. भुसा कोण खाणार? भुशावर झोपणार कोण?

बटण्या गवताला म्हणाला,

"गवतदादा, गवतदादा, हट ना जरा.
माझी गोळी हरवली."

"कसली गोळी? शेणाची? शी."

"शी नाही. माझी आहे."

"असेल. मी नाही हटत. मशीन फिरलं तर हटेन."

बटण्या गेला मशीनकडे. चुटुक चुटुक. गवत कापायचं मशीन पडवीत बसलं होतं. अंगावर पोतं घेऊन. घोरत.

"मशीनकाका, मशीनकाका, फिरा ना जरा.
गवत हटेना.
माझी गोळी हरवली."

"शेणाची? शी."

"शी नाही. माझी आहे."

"असेल. मी नाही फिरत. माझं पातं बोथट झालंय. गवत कापत नाही, नुसतं ओरबाडतं. पातं कापेल तर फिरेन."

बटण्या शिरला मशीनच्या पोटाखाली. चुटुक चुटुक. तिथे पातं होतं. लांबलचक. मळकट.

"पातेमामा, पातेमामा, कापा ना जरा.
मशीन फिरेना.
गवत हटेना.
माझी गोळी हरवली."

"शेणाची? शी."

"शी नाही. माझी आहे."

"असेल. मी नाही कापत. मला धार कुठाय? कानस घासेल तर कापेन."

बटण्या गेला कानशीकडे. चुटुक चुटुक. ती खोक्यात पडली होती. खरखरीत. तिचा आवाजही खरखरीत.

"कानसमावशी, कानसमावशी, घास ना जरा.
पातं कापेना.
मशीन फिरेना.
गवत हटेना.
माझी गोळी हरवली."

"शेणाची? शी."

"शी नाही. माझी आहे."

"असेल. मी नाही घासत. पातं मशीनच्या पोटाला चिकटून बसलंय. मी काय तिथे शिरू? पाना नट पिळेल, पातं सुटेल, तर घासेन."

पाना शेजारीच होता. खोक्यात. तोंड वासून.

"पानेतात्या, पानेतात्या, पिळा ना जरा.
कानस घासेना.
पातं कापेना.
मशीन फिरेना.
गवत हटेना.
माझी गोळी हरवली."

"शेणाची? शी."

"शी नाही. माझी आहे."

"असेल. मी नाही पिळत. मला तोंड आहे, हात नाहीत. आबा उठतील तर पिळेन."

बटण्या गेला आबांकडे. चुटुक चुटुक. आबा झोपाळ्यावर होते. तोंडावर पेपर. पोटावर हात. झोपाळाच तेवढा हलत होता. करकुर. करकुर.

"आबा, आबा, उठा ना जरा.
पाना पिळेना.
कानस घासेना.
पातं कापेना.
मशीन फिरेना.
गवत हटेना.
माझी गोळी हरवली."

"शेणाची? शी," पेपरातून आवाज आला.

"शी नाही. माझी आहे."

"असेल. उद्या बघू."

"उद्या म्हणजे भुसा."

"मोठ्यांना उलट बोलू नये. मी नाही उठत. आजी म्हणेल तर उठेन."

गवत कापायचं म्हटलं की कालही आबा उद्याच म्हणाले होते. परवाही उद्याच म्हणाले होते. आबांचा उद्या कधी आलाच नाही.

बटण्या गेला आजीकडे. चुटुक चुटुक. आजी मेथी निवडत होती.

"आजी, आजी, म्हण ना जरा.
आबा उठेनात.
पाना पिळेना.
कानस घासेना.
पातं कापेना.
मशीन फिरेना.
गवत हटेना.
माझी गोळी हरवली."

आजी शी म्हणाली नाही. पण उठलीही नाही.
"अरे बाळा, म्हणून म्हणून माझी जीभ झिजली. मी नाही म्हणत. ते उठले तर म्हणेन."

घ्या. आजी म्हणेल तर आबा उठतील. आबा उठतील तर आजी म्हणेल. आणि ऊन आलं डोक्यावर.

बटण्या तापला. दादा मोठा. काका मोठे. मामा मोठे. मावशी मोठी. तात्या मोठे. आबा तर सगळ्यात मोठे. आणि काम करणारा? एक नाही.

तो आला झोपाळ्याखाली. शिरला आबांच्या पायजम्यात.
चुटुक, घोटा.
चुटुक, पोटरी.
चुटुक, गुडघा.
चुटुक... पुढचं नाही सांगत.

आबा उठले. उठले कसले, उडाले. पेपर इकडे, चप्पल तिकडे. थय थय थय, अंगणभर नाचले. आबा एवढे हलतात हे आजीने पहिल्यांदाच पाहिलं.

बटण्या बाहेर पडला आणि म्हणाला, "उठलात ना? मग चला."

आता आजीही म्हणाली. "अहो, आधी वायर काढा."

मला शिकवू नकोस, असं आबा म्हणाले. आणि गुपचूप वायर काढली. जाड हातमोजे घातले. पात्याला हात आबांनीच लावायचा. बटण्याने नाही. तुम्ही तर नाहीच.

मग पाना पिळला. कर्र कर्र कच्च.
पातं सुटलं. ठण्ण.
कानस घासली. खर्र खर्र. खर्र खर्र.
पातं खिळ्यावर टांगलं. एक बाजू खाली, एक बाजू वर. खालची बाजू जड. तिला आणखी घासलं. खर्र खर्र. आता दोन्ही बाजू सारख्या.
पातं लखलखलं.
आबांनी ते पुन्हा बसवलं. पाना पिळला. कच्च कर्र कर्र.
वायर लावली. मशीन फिरलं. घर्रर्रर्र.

आणि गवत?

गवत हटलं नाही. गवत हसलं. खी खी खी. "मशीनकाका, अजून थोडं डावीकडे," म्हणालं. नुसती चंपी झाली गवताची.

आबा चिडले. म्हणाले, गवत वाईट. मशीन वाईट. पातं वाईट. कानस वाईट. पाना वाईट. आजी मध्ये बोलली म्हणून वाईट. मग बोट दाखवलं बटण्याकडे. हा तर फारच वाईट.

आबांनी वायर काढली. बटण्याने मशीनखाली डोकावलं. त्याला वाकावंही लागलं नाही. तो होताच तेवढा.

"आबा, पातं उलटं आहे. पाठ पुढे, धार मागे."

आबांनी विचारलं, तू केवढा, मी केवढा? तुझा जन्म नव्हता तेव्हापासून मी हे मशीन चालवतोय.

"तरी उलटं आहे," बटण्या म्हणाला.

आजी गुडघे टेकून बसली. चष्मा लावला. खाली पाहिलं.
"उलटंच आहे."

आबांनी आभाळाकडे पाहिलं. झाडाकडे पाहिलं. नखाकडे पाहिलं. एक शब्द म्हणायचा होता. छोटासाच. पण तो घशात अडकून बसला. गंजलेल्या नटासारखा.

"पाणी देऊ का?" आजी म्हणाली.

आबांनी मान हलवली. खाकरले. कर्र. कर्र. कच्च.
"चुकलो."

"ऐकू नाही आलं," बटण्या म्हणाला.

"चुकलो रे बाबा, चुकलो."

मग काय.
आबा वाकले.
पाना पिळला.
पातं पलटलं.
वायर लागली.
मशीन फिरलं. घर्रर्रर्र.
पातं कापू लागलं. सर्रर्रर्र.
गवत हटलं. या बाजूला. त्या बाजूला.
आणि गोळी?

गोळी उडाली. वर. वर. वर. चिमणीच्याही वर.
मग खाली. खाली. खाली.

पच्च.

आबांच्या टकलावर.

"शी," आबा म्हणाले.

"शी नाही," बटण्या म्हणाला. "माझी आहे. हलू नका."

आबा हलले नाहीत. आजी हसून हसून हलली.

बटण्या चढला. चुटुक चुटुक. हात लावून पाहिली. वाळली नव्हती. फुटली नव्हती. मऊच होती. टकलावर पसरली तेवढी पुन्हा गोल गोल वळली. आणि उलटा चालत, मागच्या पायांनी ढकलत, निघाला.
टकलावरून नाकावर. गुडुक.
नाकावरून पोटावर. गुडुक.
पोटावरून पायावर. गुडुक.
कापलेल्या गवतातून थेट घरी. गुडुक गुडुक गुडुक गुडुक.

अर्धी गोळी खाल्ली. अर्धी उशाला घेतली.

गोळी घरात. बटण्या बिळात. पाना, कानस खोक्यात.
आणि आबा?
आबा मोरीत. डोकं घासतायत.
खर्र खर्र. खर्र खर्र.