सारवणातली लहान बोटं

फार फार वर्षांपूर्वी, गाई बोलायच्या आणि माणसं ऐकूनही घ्यायची, त्या काळातली गोष्ट. डोंगराच्या पायथ्याला एक बाई आपल्या लेकीबरोबर राहत होती. बाईचं सारवण म्हणजे सारवण! अंगणात शेणाचा हात असा एकसारखा फिरायचा, की वाटेने जाणारे थांबून बघत.

आईचं बघून लेकही एका कोपऱ्यात सारवायला बसायची. कुठे गोळे राहायचे, कुठे माती उघडी पडायची. "शहाणी गं माझी बाय!" आई म्हणायची. पोर खेळायला गेली, की आई तो कोपरा पुन्हा नीट सारवून टाकायची. आपणही करतोच की असं, कौतुक तोंडावर आणि दुरुस्ती पाठीमागे!

लेक परतायची आणि आपल्या बोटांच्या खुणा शोधायची. त्या कुठेच नसायच्या. हळूहळू तिने शेणाला हात लावणंच सोडलं.

"पोर फार आळशी निघाली," आई शेजारणींना सांगू लागली.

सुगी आली. ज्वारी मळणीला आली आणि नेमका आईचा हात मुरगळला. एवढंसंच खळं, पण ते आज सारवून वाळायला हवं होतं. नाहीतर दोघींचं वर्षाचं धान्य मातीत मिसळणार.

"बाळे, एवढं सारवतेस का?"

"मला नाही येत," म्हणून लेक दूर जाऊन बसली.

आई गोठ्यात जाऊन रडू लागली. तेव्हा ढवळी गाय म्हणाली, "शेण माझं, म्हणून दोन शब्द बोलते. पोर आळशी नाही गं. तिचं सारवलेलं तू रोज पुसायचीस. मग तिने करायचं कशाला?"

आईने डोळे पुसले. ती लेकीजवळ जाऊन बसली. "चुकलं माझं. आज तूच सारव. मी बोटसुद्धा लावणार नाही."

लेकीने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि शेणाची पाटी उचलली.

खळं वेडंवाकडंच झालं. मळणीनंतर चार पसे ज्वारी खळग्यांत अडकली, ती दोघींनी हसत वेचली. बाकीची सगळी चोख घरात आली.

पुढे आईचा हात बरा झाला. दोघी मिळून अंगण सारवू लागल्या. लेकीच्या कोपऱ्यात एक मोठा गोळा राहिला. आईचा हात सवयीने तिकडे गेला, थांबला आणि तिने तो मागे घेतला. लेकीने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आईला जाग आली, तेव्हा पोर पाटी घेऊन ढवळीपाशी उभी होती.

मुलांचे हात कामाला लागावेत असं वाटत असेल, तर त्यांच्या हातचं वेडंवाकडं काम तसंच राहू द्यावं.