डबाआईचं पाणी

करंजखिंडीत पाहुणा आला की त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या लगेच येत नाही. आधी विचारतात, "कुठलं पाणी चालतं तुम्हाला?" विहिरीचं, टाक्याचं, माठातलं की उकळून गार केलेलं? शहरातली माणसं हसतात. काहींना वाटतं, दुकानदाराला बाटली खपवायची आहे. खपवायची असतेच, नाही कशाला म्हणा. पण हा प्रश्न इथल्या सगळ्या दुकानांपेक्षा जुना आहे. तो आला कुठून हे पाहायचं तर जुन्या बोगद्याच्या तोंडाशी जायला हवं. तिथे दगडी ओट्यावर रेल्वेचा एक लाकडी डबा चाकांसकट उभा आहे. लोक त्याला डबाआई म्हणतात. तिच्या पायाशी पाण्याच्या काचेच्या बरण्या मांडलेल्या दिसतात, आणि एकीचंही झाकण उघडलेलं नसतं.

असं सांगतात की बोगदा खणायचं काम चालू होतं तेव्हा दगडाच्या वाघिणी ओढायला कोळशाचं इंजिन आत जायचं. एकदा ते आतच अडलं, धूर कोंडला आणि माणसांना उचलून बाहेर आणावं लागलं. त्यातली काही पुन्हा उठली नाहीत. तिम्मा वडार त्यातलाच. त्याची बायको नागूबाई पदरात पोर घेऊन खिंडीतच राहिली, खडी फोडू लागली. मजुरांनी मात्र पहारी खाली टाकल्या. बिनधुराचं इंजिन आणा, नाहीतर डोंगर तुमचा तुम्ही फोडा, म्हणाले.

कंपनीला नवं इंजिन परवडेना, काम वर्षानुवर्षं अडून राहिलं. मग हसाजी मिस्त्री आला. हा कुलाब्याकडचा बेने इस्रायली, हाताचा मोठा कसबी. त्याने बायकांचा एक जुना डबा मागून घेतला, बाकडी उपटून काढली, त्या जागी बॅटऱ्यांच्या पेट्या रचल्या, खाली आसाला मोटर जोडली. दोन्ही टोकांना दिवा. बाहेर डायनामो बसवला होता, काम थांबलं की त्यावर बॅटऱ्या भरायच्या. असे प्रवाशांचे डबे आणखीही ठिकाणी इंजिनं झाले म्हणे. जन्मभर दुसऱ्यानं ओढलेला डबा म्हातारपणी स्वतः ओढायला लागला, याचं खिंडीला फार अप्रूप वाटलं. धूर नाही, ठिणगी नाही, नुसता घुमल्यासारखा आवाज.

नागूबाई पहिल्या दिवशी बघायला गेली आणि एका खिडकीपाशी थबकली. चौकटीच्या लाकडावर बारीक दातांच्या खुणा होत्या. खिंडीत येताना ती याच डब्यात बसली होती, आणि दात फुटत असलेल्या तिच्या रंगाने वाटभर तीच चौकट कुरतडली होती. आता रंगा मोठा झाला होता, बापाच्याच जागी बोगद्यात उतरत होता. तिने त्या खुणांना हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी चार बायकांनी लावलं. डब्याची डबाआई झाली ती तेव्हापासून.

हसाजी रोज झाकणं उघडून पेट्यांमध्ये पाणी घालायचा. ते पाणी मुंबईहून काचेच्या बरण्यांतून यायचं. बायका विचारायच्या, मिस्त्रीबाबा, हिला मुंबईचं पाणी कशाला? तो हसून म्हणायचा, "हिची आवड आहे." कारागिराला आपली विद्या थोडी झाकून ठेवायला आवडतं, दुकानदाराला भाव झाकायला आवडतो तसं. पण माल देताना तो वापरायचा कसा हे सांगितलं नाही, तर गिऱ्हाईक काय करील याचा नेम नसतो. खिंडीतल्याच एका सुनेने धुण्याचा सोडा नेऊन भज्यांत घातला होता. तिथे पोटावर भागलं.

एका उन्हाळ्यात दरड कोसळली आणि बरण्या येईनात. हसाजी बेचैन झाला. चहा पिताना बोलून गेला, "तहानली आहे बिचारी. असंच चाललं तर बसेल." मग स्वतःच बरण्या आणायला पायी घाट उतरला. जाताना कुणी हात लावू नका म्हणाला. का, ते नाही सांगितलं.

तहानली आहे, हे नागूबाईच्या मनातून जाईना. आपल्या पोरांना धुरातून वाचवणारी आई तहानलेली, आणि गावात पाणी असून आपण बघत बसायचं? तिने बायका जमवल्या. गडावर देवीचं टाकं आहे, पाणी तांबूस आणि चवीला गोड. अनवाणी चढून, गाणी म्हणत त्यांनी घागरी आणल्या आणि मिस्त्री करायचा तशी झाकणं उघडून एकेक पेटी काठोकाठ भरली. आई तृप्त झाली, असं म्हणून नागूबाई त्या दिवशी पोटभर जेवली.

हसाजी परतला तेव्हा डब्याची चाल मंदावली होती. त्याने झाकण उघडून बोट बुडवलं.

"पाणी कुठलं?"

"देवीचं," नागूबाई अभिमानाने म्हणाली.

त्याने झाकण पुन्हा लावलं. म्हणाला, "हिला चव नसलेलं पाणी लागतं, नागूबाई. गडाच्या पाण्यात लोह आहे, क्षार आहे. ते हिला विष." मग खालच्या आवाजात, "मीच सांगायला हवं होतं."

बॅटऱ्या गेल्या त्या गेल्याच. नव्या बोटीने यायच्या होत्या. ठेकेदार थांबायला तयार नव्हता. बोगदा फुटायला थोडंच उरलं होतं. त्याने कोळशाचं इंजिन पुन्हा बाहेर काढलं. मजूर बोगद्याच्या तोंडाशी अडून उभे राहिले आणि कुणीतरी म्हणालं, नागूबाईच्या देवीला सांगा, धूरही पिऊन टाक म्हणावं.

रंगाने पहार उचलली. आईने त्याचा हात धरला, तो त्याने हळूच सोडवला.

"आये, मी पहिला गेलो की तुला कोण बोलणार नाही."

त्या दिवशी वाराही पडलेला होता म्हणे. बोगदा आरपार झाला, पलीकडचा उजेड दिसला. रंगाला मात्र त्याच्या बापासारखंच उचलून आणलं.

दिवस झाल्यावर हसाजी नागूबाईच्या झोपडीशी आला आणि उन्हात उभा राहिला. दारी आलेल्याला पाणी द्यायचं म्हणून ती तांब्या भरून बाहेर आली, आणि तो पुढे करता करता तिचा हात थांबला.

"मिस्त्री, कुठलं पाणी चालतं तुम्हाला?"

हसाजी तिथेच उंबऱ्याशी बसून रडला.

पुढे नागूबाईने बोगद्याच्या तोंडाशी पाणपोई घातली. येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी विचारायची आणि उत्तर ऐकल्याशिवाय ओतायची नाही. गाणं पुन्हा कधी म्हणाली नाही. हसाजी जिवंत होता तोवर दर उन्हाळ्यात मुंबईच्या त्या पाण्याची एक बरणी आणून डब्यापाशी ठेवायचा. भरायला बॅटऱ्या उरल्या नव्हत्या. म्हणून झाकण तसंच राहायचं.

गाडी बंद पडली, रूळ उचलून नेले, डबा तेवढा राहिला. आजही करंजखिंडीतली नवी सून आधी त्या खिडकीपाशी जाते. दातांच्या खुणांवर कुंकू लावते, बरणी खाली ठेवते आणि विचारते, "कुठलं पाणी चालतं, आई?" मग थोडा वेळ थांबते. उत्तर येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच बरणी न उघडता ती परत फिरते.