गिअरबॉक्स सरकेना

दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात एक म्हातारी निळी मोटार होती. मोटारीखाली राहायची चिमटी उंदरी. तिचं एकच पिल्लू. तिळू त्याचं नाव.

एकदा काय झालं, तिळू एका भोकातून आत शिरला. शिरू नको म्हटलेलं. पण पिल्लं ऐकतात का कुणाचं? पुढे इंजिन, मागे गिअरबॉक्स, मधे तिळू! भोक राहिलं वर. आत सगळं घसरडं.

"चीं चीं! आई, भूक!"

तुरुतुरु, तुरुतुरु. चिमटी गेली गिअरबॉक्सकडे.

"गिअरबॉक्सदादा, सरक ना!
पिल्लू माझं बाहेर येईना!"

"बोल्ट सुटल्याशिवाय मी नाही सरकत."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिमटी गेली बोल्टकडे.

"बोल्टदादा, सुट ना!
गिअरबॉक्स सरकेना,
पिल्लू माझं बाहेर येईना!"

"पाना फिरल्याशिवाय मी नाही सुटत."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिमटी गेली पान्याकडे.

"पानादादा, फिर ना!
बोल्ट सुटेना,
गिअरबॉक्स सरकेना,
पिल्लू माझं बाहेर येईना!"

"मिस्त्रीचाचा आल्याशिवाय मी नाही फिरत."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिमटी गेली मिस्त्रीचाचांकडे.

"चाचा, या ना!
पाना फिरेना,
बोल्ट सुटेना,
गिअरबॉक्स सरकेना,
पिल्लू माझं बाहेर येईना!"

"खालून टेकू नको का, चिमटे? गिअरबॉक्स धाडकन पडेल! ठोकळा लागल्याशिवाय मी नाही येत."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिमटी गेली लाकडी ठोकळ्याकडे.

"ठोकळेदादा, हल ना!
चाचा येईनात,
पाना फिरेना,
बोल्ट सुटेना,
गिअरबॉक्स सरकेना,
पिल्लू माझं बाहेर येईना!"

"बोका उठल्याशिवाय मी नाही हलत."

अगं बाई! ठोकळ्यावर झोपला होता भुऱ्या बोका. घुर्र, घुर्र.

"चाचा, तुम्ही उठवा ना त्याला!"

"छे छे! झोपलेल्या जिवाला उठवायचं नाही. आमच्या गॅरेजात तशी रीत नाही." असं म्हणून चाचा खुशाल चहा प्यायला बसले. घ्या!

"चीं चीं! आई, भूक!"

चिमटी गेली बोक्याकडे. हळू... हळू...

"बोकोबा, उठा ना!
ठोकळा हलेना,
चाचा येईनात,
पाना फिरेना,
बोल्ट सुटेना,
गिअरबॉक्स सरकेना,
पिल्लू माझं बाहेर येईना!"

बोक्यानं एक डोळा उघडला.

"उंदीर पळाल्याशिवाय मी नाही उठत."

"मग पळते मी!" चिमटी म्हणाली. आणि बोक्याची मिशी ओढली. खस्सकन!

चिमटी पुढे, बोका मागे. तुरुतुरु, धप्प धप्प! तुरुतुरु, धप्प धप्प! टायरमधून, डब्यामागून, चिमटी शिरली पाइपात. सुळ्ळकन! बोका राहिला बाहेर.

बोका उठला,
ठोकळा हलला,
चाचा आले,
पाना फिरला,
बोल्ट सुटला,
कर्र कर्र कर्र,
गिअरबॉक्स सरकला,
आणि तिळू बाहेर आला. टुणकन!

पाइपाच्या दुसऱ्या टोकानं चिमटी आली. धापा टाकत. तिनं तिळूला आधी दिली एक चापट. मग घेतलं पोटाशी.

"आई, तू कुठे गेली होतीस?" तिळूनं विचारलं.

"कुठे नाही रे. इथेच तर होते," आई म्हणाली, आणि त्याला दूध पाजू लागली.