सावरखिंडीची एक चूल

सावरखिंडीत पोचता पोचता रस्ता उगाचच डावीकडे वाकतो, असं तुमच्या ड्रायव्हरला वाटलं असेल. उगाच नाही वाकत. उजव्या हाताला ते कंबरेएवढे तीन काळे दगड दिसतात ना, ती चूल आहे. रुंदीकरणाच्या वेळी साहेबांनी ती हलवायला सांगितली, तेव्हा अख्खं गाव येऊन दगडांवर बसलं. शेवटी रस्ताच हलला. येणारेजाणारे फोटो काढतात आणि पांडवांची चूल म्हणून पुढे जातात. जिथं मोठा दगड तिथं पांडव, दुसरं काही सुचतच नाही लोकांना. ही चूल साध्या माणसांची आहे, आणि ती रस्त्यापायी मांडली गेली.

असं सांगतात की पूर्वी या खिंडीतून नुसती पाऊलवाट होती. गावाला ती पुरत होती. मग बंदरावरचा माल देशावर न्यायला गाडीरस्ता हवा, असं वरच्या सरकारच्या मनात आलं. राज्य कुणाचं होतं ते जुनी माणसं सांगत नाहीत; रस्ता करणारी सगळी राज्यं सारखीच, असं माझे आजोबा म्हणायचे. माल व्यापाऱ्यांचा, जकात सरकारची, आणि खर्च मात्र वाटेवरच्या गावांचा. रस्ता तुमच्या दारातून जातो म्हणजे सोय तुमचीच, असं त्यांचं म्हणणं. आमच्या गावात तेव्हा एकाकडेही गाडी नव्हती. शिवाय तरणे पुरुष दगड फोडायला वेठीला धरून नेले, ते वेगळंच. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

या खर्चाची पट्टी बसणार होती चुलीवर. चूल वेगळी म्हणजे घर वेगळं, आणि जितकी घरं तितकी पट्टी. सरकारचा कारकून समोरच्या टेकडीवर राहुटी ठोकून बसला आणि कोणत्या छपरातून धूर निघतो ते बघू लागला. आमच्या गावचे पाटील सिदोजी, फार हिकमती माणूस. त्यांनी गावाला भैरोबाच्या देवळात जमवलं आणि सगळ्यांना बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. राहुटी उठेपर्यंत कुणी घरात विस्तव करायचा नाही. खिंडीत एक मोठी चूल मांडायची, साऱ्या गावाने तिथंच रांधायचं, आणि कुणी विचारलं तर सांगायचं की आम्ही सगळे एकाच चुलीचे.

सुरुवातीला गाव खुशीत होतं म्हणे. ज्या जावा एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या, त्या शेजारी बसून भाकऱ्या थापू लागल्या. सरकारला फसवण्यात एक मजा असते, ती माणसाला लवकर सोडवत नाही.

तेवढ्यात पौषाची थंडी पडली. गावात कोंडाई नावाची विधवा होती. तिचा एकुलता एक मुलगा वेठीवर गेलेला, आणि घरात सून जाई बाळंत झाली. पहिलंच बाळ, तेही दिवस भरायच्या आधी आलेलं. इकडच्या थंडीत बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी हवीच. कोंडाईने पदर खोचला आणि ती खिंडीत आली. सगळं गाव चुलीभोवती जेवायला बसलं होतं.

"पाटील, लेकरू गार पडाय लागलंय," ती म्हणाली. "बाजंखाली इस्तू ठिवू द्या."

सिदोजी पाटील वाईट माणूस नव्हते, असं सगळेच सांगतात. त्यांनी हातातला घास परत ठेवला. मग म्हणाले, "कोंडाई, एका छपरातनं धूर निगाला, की समद्या घरात सरकारची माणसं शिरत्याल. बेलभंडारा तूबी उचललाय."

कोंडाईने एकेकाकडे पाहिलं. दुसरा कुणी बोलेल तर बरं, असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि म्हणूनच कुणी बोललं नाही. बायकांनी आपल्या परीने केलं. चुलीत दगड तापवून, फडक्यात गुंडाळून त्या जाईच्या घराकडे धावायच्या. पण खिंडीतला वारा असा, की दारात पोचेपर्यंत दगड निवलेला असायचा. पाचवी पुजायच्या आधीच लेकरू गेलं.

त्यानंतर कारकून मोजणी मिटवायला गावात आला. बायाबापड्या गप्प का आहेत, हे त्याने विचारलं. एका म्हाताऱ्याला राहवलं नाही, त्याने सगळं सांगून टाकलं. कारकून म्हणाला, "अहो, बाळंतिणीची शेगडी चुलीत धरत नाहीत. विचारलं असतं तर सांगितलं नसतं का?" विचारणार कोण? विचारलं असतं तर संशय आला असता, म्हणून कुणी विचारलंच नव्हतं. सगळं कळूनही कारकुनाने गावाच्या नावापुढे एकच चूल मांडली आणि तो निघून गेला. डाव साधला. खालची गावं पट्टीपायी भांडीकुंडी विकून बसली, आमचं गाव वाचलं. हेच मला सहन होत नाही. लेकरू फुकट गेलं असंही म्हणता येत नाही.

राहुटी उठली तसे सिदोजी पाटील खांद्यावर लाकडाचा ओंडका घेऊन कोंडाईच्या दारी आले. मागे सगळं गाव होतं. जाईला तरी शेक मिळावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कोंडाई उंबऱ्यात उभी राहिली.

"गावाची पट्टी माझ्या घरानं भरली, पाटील," ती म्हणाली. "आता तुमचं लाकूड मला नगं."

पाटलांनी ओंडका पायरीशी ठेवला आणि ते परत गेले. तो कुणी उचलला नाही.

जाईला पुढे मुलं झाली, त्यांच्याच वंशातला मी. आजही गावात कुणी बाळंत झाली, की प्रत्येक घरातून एक लाकूड तिच्या दारात येतं, न मागता, जातपात न बघता. सगळ्यात आधी येतं ते पाटलांच्या घरचं. आमच्या घरात मात्र ते कोंडाईपासून कुणी आत घेतलेलं नाही. माझी धाकटी सून गेल्या पौषात बाळंत झाली, तेव्हा आताच्या पाटलांचा नातू स्वतः लाकूड घेऊन आला होता. शहरात नोकरी करणारा पोरगा, मुद्दाम रजा काढून आलेला. मी म्हटलं, आता घ्यावं आत, किती पिढ्या झाल्या. सुनेने बाळाला छातीशी धरलं आणि नाही म्हणून मान हलवली. ते लाकूड अजून पायरीशीच पडलं आहे.