गुणाजी गाढवावरचा खटला

उदंडराव महाराजांनी गाढवावर राजद्रोहाचा खटला भरला खरा, पण आता तो मागे कसा घ्यायचा हेच त्यांना कळेना.

गुन्हा सगळ्या गावादेखत घडलेला. महाराज भर चौकात स्वतः रचलेला पोवाडा म्हणत होते आणि हौसा कुंभारणीचा गुणाजी दर ओळीला ओरडत होता. झालं, गुणाजी अटकेत! तीन महिने नुसत्या तारखा पडल्या. तेवढ्यात त्या बहाद्दराने दोन साक्षीदारांचे जबाब आणि न्यायाधीशांचं उपरणं खाल्लं. इकडे हौसा डोक्यावरून माती वाहून मेटाकुटीला आली.

शिक्षा करावी, तर गाढवाला पोवाडा कळतो असं ठरणार. निर्दोष सोडावं, तर त्याचं ओरडणं रास्त होतं असं ठरणार. आणि फिर्याद मागे घ्यावी, तर आजोबांचा कायदा आडवा येई. फिर्याद मागे घेणाऱ्याने भर दरबारात मिशी उतरवायची! महाराजांची मिशी तर कानाला टेकलेली.

शेवटी महाराज दरबारातच वैतागले. म्हणाले, मिशीला धक्का न लावता हे लचांड आज कोणी मिटवलं तर ठीक, नाहीतर उद्या गाढव फासावर.

तेव्हा हौसा पुढे झाली. गेल्या साली भट्टी सोडून यायला तिला उशीर झाला होता, तेव्हा चोपदाराने दारातून तीन हाका मारल्या आणि ओ आली नाही म्हणून तिची स्वतःची फिर्याद खारीज झाली होती. ते ती विसरली नव्हती.

"महाराज, तीन महिन्यांत फिर्यादीच्या नावाने हाक एकदाही झाली नाही. तेवढी होऊ द्या."

चोपदाराला घाम फुटला. महाराजांना हाक मारायची? पण महाराजांनीच मान हलवली, तेव्हा तो दारात जाऊन चाचरत ओरडला, "उदंडराव हाजिर हो!"

महाराज गप्प. चोपदाराच्या हाकेला राजा ओ देतो होय? दुसरी हाक झाली, तरी महाराज मिशी कुरवाळत बसून राहिले. हौसाचा जीव भांड्यात पडत होता. तिसरी हाक झाली आणि आरोपीच्या पिंजऱ्यातून गुणाजीने मान वर करून अशी ओ दिली, की छत दणाणलं.

चिटणीस नियमाचा पक्का. लेखणी बुडवून त्याने विचारलं, "ओ आली. फिर्यादी हजर म्हणून लिहू?"

हौसाने पदर खोचला.

"लिहा की! पण हा फिर्यादी असेल, तर आरोपी म्हणून कुणाचं नाव घालता?"

सगळ्यांच्या माना आपोआप सिंहासनाकडे वळल्या. महाराजांनी क्षणभर डोळे वटारले, मग त्यांना असं हसू फुटलं की मिशीचं एक टोक तोंडात गेलं.

"लिहा, फिर्यादी गैरहजर! खटला खारीज!"

हौसाला राजतळ्याची माती कायमची मोफत मिळाली. गुणाजीला जरीची झूल मिळाली. ती त्याने दरबाराच्या पायरीवरच खायला घेतली.